हार्ड डिस्क मधूनच गायब होते? नवी घेण्याआधी स्क्रू मोजा

आधी लक्षणं

सकाळी मशीन नीट सुरू होतं. तास-दोन तासांनी सगळं गोठतं. माऊसचा बाण फिरतो, पण क्लिक केलेलं काहीच उघडत नाही, आणि कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा लुकलुकायचं सोडून नुसता पेटून राहतो. अर्ध्या-एक मिनिटाने कधी आपोआप सुटतं, कधी नाही. रीस्टार्ट केलं तर काळ्या पडद्यावर ‘डिस्क बूट फेल्युअर’, नाहीतर ‘नो बूट डिव्हाइस’. पूर्ण बंद केलं, कॅबिनेटला एक थाप दिली, परत सुरू केलं, की जसं काही घडलंच नाही. दोन डिस्क असतील तर ई ड्राइव्ह यादीतून जातो आणि दुपारनंतर परत उगवतो. मोठी फाइल कॉपी होताना वेग एकदम शून्यावर येतो. आणि कॅबिनेटमधून घूंऽऽ घूंऽऽ असा आवाज येत राहतो, वरून हाताने दाबलं की बंद, हात काढला की सुरू.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसत असतील तर पुढचं वाचा.

एक लक्षण मात्र यात धरू नका. डिस्कमधून ठरावीक अंतराने टक्-टक्-टक् येत असेल, मग मोटर थांबून पुन्हा फिरत असेल, पुन्हा टक्-टक्, तर हा वेगळा आजार आहे. मशीन लगेच बंद करा, वायर काढा आणि थेट शेवटच्या भागावर जा. मधलं काहीही करून बघू नका.

मी हे कुठे बघतो

इचलकरंजीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं माझं दुकान आहे. बरीचशी गिऱ्हाइकं यंत्रमागवाली किंवा त्यांच्याकडे हिशेब लिहिणारी. साधा धोट्याचा माग मिनिटाला शंभरावर फटके देतो. असे चोवीस माग खाली चालू असले आणि वर माळ्यावर ऑफिस असलं, की टेबलावरच्या चहाला सतत बारीक लाटा येतात. त्या टेबलाखाली दहा-बारा वर्षांचा डेस्कटॉप, आणि त्यात दोन स्क्रूंवर अडकवलेली हार्ड डिस्क. महिन्यातून एक-दोन फोन ठरलेले: “डिस्क उडाली बघा दादा. नवीनच टाका, मालकांना सांगतो मी.”

बहुतेक वेळा डिस्क उडालेली नसते. ती नीट बसवलेली नसते. माग नसलेल्या घरातही हेच होतं, फक्त वेळ जास्त लागतो. ७२०० आरपीएमची डिस्क म्हणजे सेकंदाला १२० फेरे. ती स्वतःच एक छोटा माग आहे, रोज आठ तास स्वतःला हलवत राहते.

आत काय होतं ते थोडक्यात. फिरणाऱ्या तबकडीवर वाचणारं हेड काही नॅनोमीटरवर तरंगत असतं आणि तबकडीवरच्या रेघा एकमेकींना इतक्या चिकटून असतात की डिस्क थरथरली की हेड रेघेवरून सरकतं. डिस्क म्हणते, पुन्हा वाचतो. पुन्हा चुकतं, पुन्हा वाचते. तेवढा वेळ विंडोज गप्प उभं, म्हणून तुम्हाला मशीन गोठल्यासारखं वाटतं. त्याच थरथरीने केबलचा कनेक्टर एकेक केसभर बाहेर येत राहतो. थाप मारल्यावर चालू होतं ते त्यामुळेच.

पहिल्यांदा डेटा

मशीन आत्ता चालू आहे ना? मग झाकण उघडण्याआधी हिशेबाचं फोल्डर, फोटो, पत्रं, जे काही गेल्यावर झोप उडेल ते पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्या. घेतल्यावर दुसऱ्या मशीनवर दोन फाइली उघडून बघा. मी हे गिऱ्हाइकासमोर करतो, आणि कॉपी होत नसेल तर तिथेच थांबतो. डिस्क खरोखरच शेवटच्या श्वासावर असेल तर पुढची हलवाहलव तिला पुरते.

मग शट डाऊन. बोर्डावरचा खटका बंद करून वायर काढा. वायर काढल्यावर पुढचं बटण पाच सेकंद दाबून धरा, आत साठलेली वीज निघून जाते. अर्धा मिनिट थांबा, कारण तबकडी थांबायला वेळ लागतो आणि फिरती डिस्क हलवणं सगळ्यात वाईट. डिस्कला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा, अंगावरची स्थिर वीज तिथे उतरू द्या.

इथेच एक विचारतो. मशीन चालू असताना कॅबिनेटला हात लावल्यावर कधी झिणझिण्या येतात का? टेस्टर लावल्यावर पेटतो का? तर तुमच्या बोर्डाला अर्थिंग नाही. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारं खोकं, त्यातला फिल्टर आपली गळती अर्थिंगमध्ये सोडतो. ते नसलं की ती पत्र्यावर येऊन बसते. आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, डिस्क नंतर. आणि तीन पिनचा प्लग दोन पिनच्या भोकात घालायला जाड पिन मोडलेली असेल तर ती वायर आजच फेकून द्या.

फुकटातली तपासणी: जागा

डेस्कटॉप कशावर ठेवलाय ते बघा. शिलाई मशीन, मिक्सर, प्रिंटर किंवा पंख्याचा स्टँड त्याच टेबलावर असेल तर वेगळा करा. चाकांची ट्रॉली असेल तर ती हलते का बघा. एक चाक अधांतरी असलं की सगळं कॅबिनेट झुलतं. माळ्यावरच्या ऑफिसात मी कॅबिनेट मधल्या फळ्यांवरून भिंतीलगत नेतो आणि खाली जुन्या गाडीचं रबरी मॅट दुमडून घालतो. त्यावर एक दिवस चालवा. घूंऽऽ आवाज कमी झाला आणि गोठणंही थांबलं, तर तुम्हाला निम्मं उत्तर मिळालं. उरलेलं निम्मं कॅबिनेटच्या आत आहे, कारण घट्ट बसवलेली डिस्क एवढ्या थरथरीला सहसा दाद देत नाही.

झाकण उघडलंय तर तूस काढा. आमच्याकडे कॅबिनेटमध्ये सुताची तूस अशी जमते की पंख्यासमोर पांढरी गोधडीच तयार होते. तुमच्याकडे धूळ असेल. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, सैरावैरा फिरू देऊ नका. डिस्कसमोरची हवा बंद झाली की डिस्क तापते. बऱ्याच डिस्कना कंपनीने ६० अंशांपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं, पण माझ्या दुकानात ४५ च्या वर गेली की मी पंख्याकडे बघतो.

तरीही फुकट: डिस्कला विचारा

डिस्क स्वतःची वही ठेवते. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर ती वाचून दाखवतं. लिनक्सवाल्यांना स्मार्टसीटीएल माहीत असेलच. लांबलचक यादीतल्या चारच ओळी बघा.

सी ७ ही ओळ, काही ठिकाणी १९९ लिहिलेली. मदरबोर्ड (मशीनचं मुख्य सर्किट) आणि डिस्क यांच्यामध्ये डेटा जाताना किती वेळा मोडला त्याचा हा आकडा. हा वाढत असेल तर दोष बहुतेक केबल, कनेक्टर किंवा पोर्टमध्ये असतो, तबकडीत नसतो. हा आकडा कधी खाली येत नाही, म्हणून तो किती आहे याला फारसा अर्थ नाही, आजच्यापेक्षा उद्या वाढला का याला आहे.

०५ आणि सी ५ या ओळी तबकडीच्या. ०५ म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्या जागा, सी ५ म्हणजे वाचता येत नाहीत आणि निर्णय अजून बाकी आहे अशा जागा. दोन्ही शून्य असतील तर डिस्कला दोष देण्याची घाई करू नका. सी ५ दर दिवसाला वाढत असेल तर स्क्रू-केबल विसरा, डेटा काढा आणि डिस्क बदला.

चौथी सी ०, म्हणजे १९२. अचानक वीज गेल्यामुळे हेड घाईघाईने मागे घ्यावं लागलं, असं किती वेळा झालं ते. काही डिस्क साध्या शट डाऊनलाही यात मोजतात. पण मशीन दिवसभर चालू असताना, मध्ये वीज गेलेली नसताना हा आकडा चढला, तर पॉवरचा कनेक्टर आतल्या आत सुटतोय. ही खूण मला उशिरा कळली, त्याआधी दोन चांगले मदरबोर्ड मी उगाच बदनाम केले.

क्रिस्टलडिस्कइन्फो हे आकडे सुरुवातीला सोळाच्या मोजणीत दाखवतं, म्हणजे २१४ असेल तर डी ६ दिसेल. फंक्शन, ॲडव्हान्स्ड फीचर, रॉ व्हॅल्यूज इथे जाऊन दहाची मोजणी निवडा. मी कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मास्किंग टेपचा तुकडा लावतो आणि त्यावर बॉलपेनने तारीख आणि हे चार आकडे लिहितो. पुढच्या वेळी झाकण उघडलं की इतिहास समोर.

शंभरेक रुपयांची तपासणी: केबल

डिस्कला मदरबोर्डशी जोडणाऱ्या अरुंद केबलला साटा डेटा केबल म्हणतात. तिच्या टोकाला सात बारीक पट्ट्या असतात आणि त्या फक्त दाबावर टिकतात. जुन्या मशीनसोबत आलेल्या लाल केबलला बहुतेक वेळा लॉक नसतं. नव्या केबलला टोकाशी स्टीलची छोटी क्लिप असते, बसताना टक् करते, काढताना दाबावी लागते. तीच घ्या. हा कनेक्टर घालण्या-काढण्याच्या पन्नासेक वेळांसाठीच बनवलेला असतो. त्यामुळे “काढून परत लावलं की चालतं” हे तंत्र पाच वर्षं वापरलं असेल तर ते तंत्रच आता आजार झालंय.

लावताना केबल कुठून जाते ते बघा. सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही: डिस्कच्या तोंडातून सरळ निघालेली केबल बाजूचं झाकण लावताना दाबली जाते. झाकण उघडं असताना मशीन छान चालतं, लावलं की दुखणं सुरू. अशा वेळी काटकोनी तोंडाची केबल घ्या. केबलला थोडी ढील हवी, पण ती लोंबून पंख्यात जायला नको. नवी लावूनही सी ७ वाढला तर मदरबोर्डवरचं दुसरं पोर्ट वापरून बघा.

पॉवरच्या बाजूला एका वस्तूबद्दल मी जरा कडक आहे. जुन्या एसएमपीएसला साटा पॉवरची तोंडं कमी असतात, म्हणून लोक चार पिनच्या मोलेक्सवरून साटा करणारा स्वस्त जोड लावतात. त्यातले एकसंध प्लास्टिक ओतून केलेले जोड मी वापरत नाही. आत तारा सरकून एकमेकींना टेकतात, प्लास्टिक तापतं आणि कनेक्टर डिस्कला चिकटून वितळतो. तारा मागून एकेक खोचलेल्या दिसतात असे जोड मिळतात, ते घ्या. काळं पडलेलं किंवा वास येणारं तोंड दिसलं तर ते पुसून परत वापरू नका.

मशीन त्याहून जुनं, रुंद पट्टी केबलचं असेल तर: ८० तारांच्या केबलचं निळं टोक मदरबोर्डला, काळं टोक मास्टरला म्हणजे पहिल्या डिस्कला, मधलं राखाडी स्लेव्हला म्हणजे दुसरीला. डिस्कमागचे जंपर, म्हणजे पिनांवर बसणाऱ्या बारीक टोप्या, त्याप्रमाणे. दोघीही मास्टर ठेवल्या की दोघीही गायब.

केबलसोबत मदरबोर्डवरची नाण्यासारखी सीआर २०३२ बॅटरीही बदला, स्वस्त असते. ती संपली की वीज गेल्यावर बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी मशीन उठवणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम, सगळं विसरतो. डिस्कशी बोलायची पद्धत, म्हणजे साटाचा मोड, नव्या एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर जातो आणि विंडोज उठत नाही, लोकांना वाटतं डिस्क गेली. घड्याळ दरवेळी जुनी तारीख दाखवत असेल तर संशय आधी इथेच.

आता स्क्रू

डिस्क बसवताना ज्या चुका होतात त्या बघायला दहा मिनिटं लागतात, आणि खर्च मूठभर स्क्रूंचा. तरी लोक इथे सगळ्यात शेवटी येतात.

पिंजऱ्यातली, म्हणजे कॅबिनेटमधल्या पत्र्याच्या चौकटीतली, डिस्क दोन बोटांनी हलकेच पुढे-मागे करून बघा, मशीन बंद असताना. अजिबात हलता कामा नये. हलली तर किती स्क्रू आहेत मोजा. चार हवेत, दोन एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या बाजूचं झाकण काढायचा कंटाळा म्हणून एकाच बाजूला दोन स्क्रू लावून सोडलेली डिस्क मी दर आठवड्याला बघतो. अशी डिस्क बिजागरीवरच्या दारासारखी असते, स्क्रूच्या बाजूला घट्ट आणि दुसऱ्या बाजूला थरथरणारी.

मग स्क्रू कोणता आहे ते. साडेतीन इंची हार्ड डिस्कला जाड आट्याचा स्क्रू लागतो, ज्याला सहा-बत्तीस म्हणतात, इंचाला ३२ आटे. डीव्हीडी रायटरला, लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कला आणि एसएसडीला (चिपवाल्या डिस्कला) बारीक आट्याचा, म्हणजे एम ३. डबीत दोन्ही मिसळलेले असतात आणि डोळ्याला सारखेच दिसतात. गंमत अशी की बारीक आट्याचा स्क्रू जाड आट्याच्या भोकात जातो. फिरतो, शेवटी अडल्यासारखाही वाटतो, पण धरत नाही. दोन आठवड्यांच्या थरथरीने तो बाहेर येतो आणि कॅबिनेटच्या तळाशी कुठेतरी, अगदी मदरबोर्डवरसुद्धा, जाऊन पडतो. उलट केलं, म्हणजे जाड स्क्रू बारीक भोकात रेटला, तर भोकाचे आटेच जातात. ओळखायचं कसं? दोन स्क्रू शेजारी धरून नखाने आट्यांवरून ओढा. एक खरखरीत लागतो, एक गुळगुळीत. जाड आट्याच्या डोक्याला बऱ्याचदा षटकोनी कड असते, पण त्यावर विसंबू नका, आटेच बघा.

लांबीही महत्त्वाची. डिस्कच्या अंगात तीन-चार मिलिमीटर स्क्रू गेला की पुरे, म्हणजे चारेक आटे. कपाटाच्या बिजागरीचा लांब स्क्रू कोणीतरी घातलेला असतो, तो आत टेकतो आणि डिस्कला पिळतो. तळाच्या भोकातून गेला तर हिरव्या सर्किटपर्यंतही पोचू शकतो. कॅबिनेटच्या पिशवीतले आखूड स्क्रू एवढ्यासाठीच असतात. ते हरवले असतील तर कुठल्याही दुरुस्तीवाल्याकडे मूठभर मिळतात, आम्ही त्याचे पैसे घेत नाही.

बसवताना चारही स्क्रू आधी हाताने दोन-दोन आटे अडकवा. कुठलाही पूर्ण आवळू नका. मग समोरासमोरच्या कोपऱ्यातले आलटून पालटून आवळा. डिस्कचं अंग ॲल्युमिनियमचं असतं, स्क्रू लोखंडाचा. लागल्यावर अगदी थोडा जोर द्या आणि सोडा. आटे गेलेच तर मोठा स्क्रू रेटू नका, फेविक्विक किंवा एमसील तर नाहीच. बाजूला तीन भोकं असतात, पुढे-मागे सरकवून दुसरं वापरा. मोठ्या क्षमतेच्या काही नव्या डिस्कना मधलं भोक नसतं आणि तळाची भोकंही जागा बदलून असतात. जुन्या पिंजऱ्यात तेव्हा टोकाच्या भोकांशीच जुळवावं लागतं.

डिस्क आडवी किंवा सरळ उभी, दोन्ही चालतं. तिरकी नको. लेबलवर एक बारीक छिद्र आणि ‘हे छिद्र झाकू नका’ अशी सूचना असेल तर त्यावर टेप, स्टिकर, काहीही येऊ देऊ नका. ती डिस्कची हवा आहे. वरखाली दोन डिस्क असतील तर मधला एक कप्पा रिकामा सोडा.

कंपनीच्या तयार डेस्कटॉपमध्ये स्क्रूऐवजी प्लास्टिकचा रंगीत ट्रे असतो, डिस्कच्या भोकात चार खुंट्या बसतात आणि खुंट्यांना रबरी बुश. पाच-सात उन्हाळ्यांनंतर ते रबर कडक होऊन चुरतं. ट्रे बाहेर काढून बुशवर नख दाबा. नख उमटत नसेल किंवा काळा भुगा पडत असेल तर बुश बदला. ट्रेचा कान मोडला असेल तर जुन्या सामानातून तसाच ट्रे शोधावा लागतो. तोवर ती डिस्क ट्रेमध्ये अर्धवट अडकवून चालवू नका.

जुगाडांची यादी मोठी आहे. थर्माकोलवर ठेवलेली डिस्क, जी गरमीने थर्माकोलमध्ये रुतली होती. दुहेरी टेपने एसएमपीएसच्या पोटाला चिकटवलेली. कॅबिनेटच्या तळाशी सर्किटची बाजू खाली करून नुसती पडलेली; पत्र्याला टेकली की शॉर्ट. आणि गेल्या पावसाळ्यात बघितलेली ही. माळ्यावरचं ऑफिस, दिवाणजींनी नेहमीचंच वाक्य ऐकवलं. झाकण उघडलं तर डिस्क डीव्हीडीच्या मोठ्या कप्प्यात सुताने बांधलेली. खालच्या जॉबरने, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याने, मदत केली होती. दुहेरी सूत, चारही बाजूंनी, आणि गाठ अशी विणकरी की सोडवायला मला ब्लेड लागलं. गाठ पक्की होती, पण सूत ढिलं पडलं होतं. माग चालू झाले की डिस्क पाळण्यासारखी झुलायची आणि केबल ओढली जायची. सी ७ होता २१४. ०५ आणि सी ५ दोन्ही शून्य.

मोठ्या कप्प्यात साडेतीन इंची डिस्क बसवायला दोन पत्र्याच्या पट्ट्या मिळतात. पट्टी ते डिस्क जाड आट्याचे स्क्रू, पट्टी ते कप्पा कॅबिनेटचे. लॉकची केबल घातली, रबरी मॅट दिलं, चोवीस माग चालू असताना दोन तास फाइली कॉपी केल्या. दिवाणजी पूर्ण वेळ शेजारी उभे. “एवढ्याशा खिळ्यांनी हुतंय व्हय?” असं दोनदा विचारलं. दिवाळीच्या साफसफाईला झाकण उघडलं तेव्हा सी ७ अजून २१४ वर होता.

जाता जाता: माग किंवा गिरणीच्या वर कॉम्प्युटर ठेवायचाच असेल तर विंडोज आणि चालू हिशेब एसएसडीवर घ्या, तिच्यात फिरणारं काही नसतं. जुन्या साटा पोर्टवरही ती चालते. तिला अडीच इंची पट्टी आणि बारीक आट्याचे स्क्रू. हार्ड डिस्क बॅकअपपुरती ठेवा.

मल्टिमीटर येत असेल तरच

वरचं सगळं करूनही डिस्क फिरायला लागते, मध्येच दम सोडते, पुन्हा फिरते, असं होत असेल तर वीज कमी पडतेय. साडेतीन इंची डिस्कची मोटर सुरू होताना १२ व्होल्टच्या तारेवर दोनेक अँपिअर ओढते. म्हातारा एसएमपीएस नेमका तिथे वाकतो. मशीन चालू असताना मोकळ्या मोलेक्सवर मोजा: पिवळी आणि काळी यांच्यात ११.४ ते १२.६, लाल आणि काळी यांच्यात ४.७५ ते ५.२५. याच्या बाहेर आकडा गेला किंवा डिस्क सुरू होताना धाडकन पडला तर एसएमपीएस बदला. मल्टिमीटरच्या काड्या एकमेकींना टेकू देऊ नका. हे वाक्य वाचून मनात धास्ती वाटली असेल तर मोजू नका, दुकानात न्या. एसएमपीएसचं खोकं उघडायचं नाही. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज काही काळ राहते. मदरबोर्डवरचे कपॅसिटर वरून फुगलेले दिसले तरीही काम दुकानाचंच.

नवी डिस्क जुन्या मशीनमध्ये मुळात दिसतच नसेल तर तो मशीनच्या वयाचा प्रश्न असू शकतो. ३२ बिटच्या एक्सपीला २ टीबीच्या पुढचं कळत नाही. व्हीआयए कंपनीच्या काही जुन्या चिपसेटना (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपना) सेकंदाला ३ गिगाबिट वेगाची डिस्क ओळखता येत नाही. डिस्कमागे जंपरची सोय असेल तर १.५ वर आणून चालते. बाहेरच्या खोक्यातून काढलेली काही मोठी डिस्क साटा पॉवरच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की फिरतच नाही. आणि २०११ च्या जानेवारीत इंटेलने स्वतःच जाहीर केलं होतं की त्यांच्या ६ सिरीजच्या सुरुवातीच्या चिपसेटमधले ३ गिगाबिटचे साटा पोर्ट काळानुसार बिघडू शकतात. तसा बोर्ड असेल तर डिस्क ६ गिगाबिटच्या दोन पोर्टांपैकी एकावर लावा.

इथे थांबा

टक्-टक्. डिस्क हातातून पडलेली. पाणी गेलेली. जळका वास. बायोसमध्ये डिस्कचं नाव भलतंच किंवा क्षमता शून्य. सी ५ रोज वाढतोय आणि डेटा अजून बाहेर निघालेला नाही. यातलं काहीही असेल तर माझ्यासारख्या दुरुस्तीवाल्याचंही काम नाही, डेटा रिकव्हरीवाल्याचं आहे. मशीन पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. बिघडलेलं हेड प्रत्येक फेऱ्याला तबकडी खरवडत असू शकतं. चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासणी, चालवू नका, दुखणाऱ्या डिस्कला ते धावायला लावण्यासारखं आहे. झाकणाचे स्क्रू उघडू नका. फ्रीजमध्ये तर ठेवूच नका, बाहेर काढल्यावर तबकडीवर दव धरतं.

रिकव्हरीवाल्याला आधी दोन गोष्टी विचारा: डिस्क उघडायची वेळ आली तर धूळमुक्त कक्ष आहे का, आणि नुसत्या तपासणीचे पैसे किती. खर्च हजारांत जातो, त्यामुळे डेटा तेवढ्या मोलाचा आहे का हे घरीच ठरवून निघा. काय झालं ते खरं सांगा. पडली असेल तर पडली म्हणा, नाहीतर तो पहिल्यांदा ती चालू करून बघेल. डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत, ती नसेल तर स्वच्छ कोरड्या सुती कापडात, वर बबल रॅप, मग घट्ट खोक्यात. आणि खोकं मांडीवर घेऊन जा. मोटरसायकलच्या डिकीत नको, आमच्या रस्त्यांवर तर नकोच.